क्लेम कापणाऱ्या सर्व्हेअरवर वैयक्तिक केस टाकता येते का?

प्रश्न सांगलीच्या एका घाऊक स्टेशनरी व्यापाऱ्याचा आहे. गेल्या जूनमध्ये नाला तुंबला आणि त्यांच्या गोदामात पाणी शिरलं. शाळा उघडायच्या तोंडावरचा हंगाम, वह्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. खालचे सगळे गेले. पॉलिसी २० लाखांची, क्लेम १२ लाख ८० हजारांचा. कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने नुकसान ठरवलं ४ लाख १० हजार, आणि कंपनीने तेवढ्याच रकमेचं पत्र पाठवलं. ते लिहितात, "सर्व्हेअर दोनदा आला, दोन्ही वेळा मिळून पाऊण तास थांबला. माझं काही ऐकून घेतलं नाही. कंपनीला खूश करायला त्याने हे मुद्दाम केलंय. इंग्रजीत वाचलं की अशा माणसाला वैयक्तिक जबाबदार धरता येतं. मला कंपनीवर नाही, त्याच्यावरच केस टाकायची आहे. टाकता येईल का?"

आधी थेट उत्तर. तक्रार दाखल करून घ्यायला कुणी अडवणार नाही, पण ग्राहक आयोगात ती एकट्या सर्व्हेअरविरुद्ध टिकणं फार अवघड आहे. आणि समजा टिकली, तरी विम्याचे पैसे त्यातून येत नाहीत. ते कंपनीच देणं लागते. म्हणून माझा सल्ला असा की केस कंपनीवर टाका आणि त्या केसमध्ये सर्व्हेअरचा रिपोर्ट ओळ न् ओळ फोडून काढा. तुमचा राग मला समजतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा आहे असंही मी म्हणणार नाही. पण तो माणसाकडून काढून आकड्यांकडे वळवलात तर त्याचे पैसे होतील.

मी सांगली-कोल्हापूरच्या ग्राहक आयोगांत २२ वर्षं बहुतांश विम्याचीच कामं करतो. वकिली सुरू करण्याआधी अडीच वर्षं एका सर्व्हेअरच्या कार्यालयात रिपोर्ट टाइप करत होतो, त्यांच्यासोबत जळालेल्या आणि भिजलेल्या गोदामांत फिरत होतो. त्यामुळे ४ लाख १० हजार असा आकडा कसा तयार होतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूनेही पाहिलं आहे.

तुम्ही जे इंग्रजीत वाचलंत ते अमेरिकेचं आहे, आणि तिथेही ते सरसकट खरं नाही. तिथे क्लेम तपासणाऱ्याला अ‍ॅडजस्टर म्हणतात. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवलं की कंपनीचा नोकर असलेला अ‍ॅडजस्टरसुद्धा तिथल्या विमा कायद्याखाली व्यक्तिशः जबाबदार धरता येतो. मग वादळ-गारपिटीच्या हजारो दाव्यांत अ‍ॅडजस्टरची नावं येऊ लागली. त्यामागे बऱ्याचदा डावपेच असायचा. स्थानिक अ‍ॅडजस्टर पक्षकार असला की परराज्यातल्या कंपनीला दावा केंद्रीय न्यायालयात हलवणं जड जायचं. २०१७ मध्ये टेक्सासने वादळ-गारपिटीसारख्या नुकसानीच्या दाव्यांपुरता कायदा बदलला. आता कंपनीने अ‍ॅडजस्टरची जबाबदारी लेखी स्वीकारली की त्याला दाव्यातून वगळावं लागतं. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तिथल्या विमा कायद्याच्या आधारे अ‍ॅडजस्टरवर व्यक्तिशः दावा चालणार नाही. म्हणजे ज्या देशातून ही कल्पना आली तिथेही राज्य बदललं की उत्तर बदलतं. आपल्याकडे तर चौकटच निराळी आहे.

आपला सर्व्हेअर कंपनीचा नोकर नसतो. तो आयआरडीएआयचा, म्हणजे देशाच्या विमा नियामकाचा, परवाना असलेला स्वतंत्र व्यावसायिक. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४यूएमप्रमाणे ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीत कंपनीला परवानाधारक सर्व्हेअर नेमावाच लागतो. त्याला फी कंपनी देते. इथेच पहिली अडचण येते. ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ज्याच्याकडून मोबदला देऊन सेवा घेतली त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. तुम्ही प्रीमियम भरलात कंपनीला. सर्व्हेअरशी तुमचा करार नाही, त्याला तुम्ही छदामही दिलेला नाही. "आम्ही त्याच्या सेवेचे लाभार्थी आहोत" असा युक्तिवाद वकील करतात, मीही केला आहे. माझ्या अनुभवात आयोग तो ऐकून घेतं आणि निकालात सर्व्हेअरविरुद्धची तक्रार फेटाळतं.

दुसरी अडचण त्याच कलमात आहे. सर्व्हेअरने ठरवलेल्या रकमेपेक्षा वेगळी रक्कम द्यायचा कंपनीचा अधिकार त्यात शाबूत ठेवलेला आहे. ही ओळ नीट समजून घ्या, कारण ती तुमच्या फायद्याची आहे. रिपोर्ट ही शिफारस, निर्णय कंपनीचा. "आम्ही काय करणार, सर्व्हेअरनेच एवढं ठरवलं" असं कंपनीला म्हणता येत नाही. चुकीच्या रिपोर्टवर डोळे मिटून सही केली असेल तर सेवेतली त्रुटी कंपनीची. तुम्ही सर्व्हेअरला मुख्य आरोपी केलंत तर हाच मुद्दा आपल्या हाताने कंपनीच्या हातात देता.

दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावायची वाट आहे. पण तिथे रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, वर्षानुवर्षांची साक्षीपुराव्याची फेरी, आणि त्याचा निष्काळजीपणा, किंवा तुम्ही म्हणता तसा मुद्दामपणा, सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर. "पाऊण तासच थांबला" यातून घाई दिसते, बदनियत सिद्ध होत नाही.

वकिलीच्या चौथ्या वर्षी मी स्वतः ही चूक केली. एका हळद व्यापाऱ्याच्या गोदामाला आग लागली होती आणि पक्षकार तुमच्यासारखेच संतापलेले. त्यांच्या आग्रहाखातर मी सर्व्हेअरला जाबदार क्रमांक २, म्हणजे दुसरा विरुद्ध पक्षकार, केलं आणि तक्रारीतली अर्धी पानं त्याच्या वागण्यावर खर्च केली. त्याने भाड्याचं कार्यालय सोडलं होतं, नोटीस दोनदा परत आली. नोटिशीच्या बजावणीत आणि त्याच्या लेखी उत्तरात चौदा महिने गेले. तो स्वतःच्या बचावाला वकील घेऊन उभा राहिला आणि साहजिकच रिपोर्टातल्या प्रत्येक वाक्याला चिकटून बसला. निकालात आयोगाने त्याला एका परिच्छेदात वगळलं. कंपनीविरुद्ध रक्कम मिळाली, पण पोत्यांच्या मोजणीतली जी सरळ चूक होती तिच्यावर मी तक्रारीत दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि आयोगानेही तिला तेवढंच वजन दिलं. त्या पक्षकाराचे पैसे माझ्या मांडणीमुळे कमी आले, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी रिपोर्ट मिळवायचा, मग आकडे, माणूस सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या आकड्यांकडे. तुम्ही रिपोर्टाचा शेवटचा तक्ता पाठवलात हे फार बरं केलंत. त्यावरून गणित असं दिसतं. क्लेम १२.८० लाख. त्यातून "जुना व न सिद्ध झालेला माल" म्हणून ३.०४ लाख वजा. राहिले ९.७६. मग सॅल्व्हेज, म्हणजे भिजलेल्या मालाची उरलेली किंमत, मूळ क्लेमच्या सरसकट २५ टक्के, ३.२० लाख वजा. राहिले ६.५६. शेवटी गोदामात त्या दिवशी ३२ लाखांचा माल होता आणि विमा २० लाखांचाच होता, म्हणून ३२ ला २० या प्रमाणात कपात. आले ४.१० लाख.

यातली शेवटची कपात सर्व्हेअरची लबाडी नाही. तो अ‍ॅव्हरेज क्लॉज. माल ३२ लाखांचा आणि विमा २० लाखांचा असेल तर उरलेल्या १२ लाखांची जोखीम तुम्ही स्वतः उचललीत, असं पॉलिसी धरते, आणि प्रत्येक नुकसानीत तुमचा वाटा कापते. सूक्ष्म उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. पण तुमच्या बाबतीत माल साडेतेवीस लाखांच्या आत असता तरच ती माफी लागू झाली असती. माझ्याकडे "सर्व्हेअरने लुबाडलं" म्हणत येणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी पुष्कळांचा खरा घात इथे झालेला असतो. पाच वर्षांपूर्वीची विमा रक्कम दरवर्षी तशीच नूतनीकरण होत राहते, माल मात्र दुप्पट होतो. एजंट बोलत नाही, बँकही बोलत नाही. म्हणून पूर्ण १२.८० मिळतील ही आशा सोडून द्या. ते ऐकायला कडू आहे, पण खोटी आशा दाखवून तुमच्याकडून फी घेणं मला जमणार नाही.

मात्र ३२ लाख हा आकडा कुठून आला ते तपासा. सर्व्हेअर बहुतेक वेळा हिशेबाच्या वह्यांवरून मागे जात माल काढतो. १ एप्रिलचा आरंभीचा साठा, त्यात घटनेच्या दिवसापर्यंतची खरेदी मिळवायची, आणि विक्रीतून नफा काढून जी मूळ किंमत येते ती वजा करायची. तुमच्या तक्त्यात २४ लाखांचा साठा, ३० लाखांची खरेदी, साडेसत्तावीस लाखांची विक्री आणि विक्रीवर २० टक्के ग्रॉस प्रॉफिट, म्हणजे ढोबळ नफा, धरलाय. त्यामुळे विकलेल्या मालाची मूळ किंमत २२ लाख आणि उरलेला साठा ३२. घाऊक वह्यांच्या धंद्यात २० टक्के ग्रॉस प्रॉफिट? मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद काढून बघा. तुमचा खरा दर १२ टक्के निघाला तर मूळ किंमत २४.२० लाख होते, साठा २९.८० वर येतो आणि कपात आपोआप कमी होते. एका टक्केवारीने तुमचे काही हजार इकडचे तिकडे होतात, आणि ती टक्केवारी त्याने कुठून घेतली हे या तक्त्यात लिहिलेलंच नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. कॅश क्रेडिटसाठी तुम्ही बँकेला मे महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट दिलं असेल. त्यात ३२ लाखांच्या आसपास साठा दाखवला असेल तर हा मुद्दा ताणू नका. कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच स्टेटमेंट मागवणार.

त्याहून मोठा मुद्दा ३.०४ लाखांचा आहे. हा माल नुकसानीत धरायचा नाही, कारण तो जुना किंवा सिद्ध न झालेला, असं सर्व्हेअर म्हणतो. ठीक. मग तोच माल ३२ लाखांच्या साठ्यात कसा धरला? नुकसान मोजताना तो गोदामात नव्हता आणि विमा अपुरा ठरवताना होता, असं दोन्ही बाजूंनी चालत नाही. तो वगळायचा तर दोन्हीकडून वगळा. म्हणजे साठा २८.९६ लाख होतो, आणि फक्त एवढी एक विसंगती दुरुस्त केली आणि सॅल्व्हेज खऱ्या ८० हजारांवर आणलं (ते पुढे सांगतो) तरी रक्कम ६ लाख १९ हजारांच्या घरात जाते. हे वाक्य तक्रारीत पहिल्या पानावर यायला हवं.

आणि सॅल्व्हेज. भिजलेल्या वह्या मी हातात घेतलेल्या आहेत. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी गठ्ठा फुगून सुतळी तोडतो, रेघांची शाई पानापानांत उतरते, चौथ्या दिवशी बुरशीचा वास येतो आणि गोदामाचं दार उघडवत नाही. त्या वहीला वही म्हणून गिऱ्हाईक नसतं, ती रद्दी. तुम्ही सांगता, रद्दीवाल्याने साडेबारा टन माल किलोला ६ रुपये ४० पैशांनी उचलला, वजनकाट्याच्या पावत्या आहेत, एकूण ८० हजार आले. मग ३ लाख २० हजार कुणी देऊ केले होते? सर्व्हेअरच्या २०१५ च्या नियमावलीत त्याच्या कर्तव्यांमध्ये सॅल्व्हेज आणि त्याची विल्हेवाट यावर टिप्पणी करणं स्पष्ट दिलेलं आहे. दोन भंगारवाल्यांचे दर मागवले असते, तुमच्या सहीने पंचनामा केला असता तर गोष्ट निराळी. सरसकट २५ टक्के हा कागद वाचवण्याचा उपाय झाला. तुमच्या काटापावत्या, रद्दीवाल्याचं बिल आणि बँकेत जमा झालेली रक्कम हा या केसमधला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्या पावत्या थर्मल कागदावर असतील तर आजच झेरॉक्स काढून ठेवा. सहा महिन्यांत अक्षरं उडतात.

सॅल्व्हेज खऱ्या ८० हजारांवर आलं आणि ३.०४ लाखांचा माल तुम्ही खरेदीच्या बिलांनी सिद्ध केलात, तर १२ लाखांवर तीच कपात लागून साडेसात लाख होतात, त्यातून पॉलिसीतली एक्सेसची, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायची, रक्कम जाईल. म्हणजे तुमची खरी लढाई ४.१० आणि ७.५० यांच्यामधल्या ३ लाख ४० हजारांची आहे. यातला "जुना माल" खरोखर किती होता हे तुमचं तुम्हालाच माहीत. दोन हंगामांपूर्वीच्या छापील किमतीच्या वह्या असतील तर तेवढं प्रामाणिकपणे सोडून द्या. सगळंच ओढायला गेलं की खऱ्या भागावरचा विश्वासही जातो, हे मी आयोगाच्या सदस्यांच्या चेहऱ्यांवर अनेकदा वाचलं आहे.

आता कायदा रिपोर्टाला किती मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात सांगितलं की सर्व्हेअरचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, दुसऱ्या पुराव्याने तो बाजूला ठेवता येतो. त्याच वर्षीच्या श्री वेंकटेश्वर सिंडिकेटच्या निकालात कंपन्यांनाही लगाम घातला, की मनासारखा रिपोर्ट येईपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत. एवढं वाचून लोक उत्साहात येतात. पण २०२१ चा खतेमा फायबर्सचा निकालही वाचा. त्यात न्यायालय म्हणतं की सर्व्हेअरने आपली आचारसंहिता पाळून काम केलं असेल आणि कंपनी सद्भावनेने त्यावर चालली असेल, तर आयोगाला आपला स्वतंत्र आकडा बसवता येत नाही. म्हणजे "रिपोर्ट पक्षपाती आहे" असं म्हणून काही होत नाही. कर्तव्य कुठे मोडलं ते बोट ठेवून दाखवावं लागतं. सॅल्व्हेजचा दर न मागवणं, नफ्याच्या टक्केवारीचा आधार न देणं, एकच माल दोन ठिकाणी दोन तऱ्हेने धरणं, ही ती बोटं. तुम्ही ज्याला बदनियत म्हणता ती आयोगापुढे या रूपात मांडायची असते.

मग पुढे काय करायचं. रिपोर्टाची पूर्ण प्रत आणि जोडलेले फोटो हातात घ्या. प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि सरकारी विमा कंपनी असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही टाका. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला दोन पानांचं हरकतपत्र, वरचं गणित तक्त्यात मांडून. त्यात सर्व्हेअरबद्दल एकही विशेषण नको. पत्रात तुम्ही "विकला गेलेला" लिहिलंत आणि सिद्ध करू शकला नाहीत, तर अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्याच दारात येईल. खरोखर पैसे मागितले गेले असतील आणि त्याचा पुरावा असेल तर ती गोष्ट फौजदारी आहे, ती वेगळ्या वाटेने आणि वकिलाशी बोलून.

एक गोष्ट मात्र फार जपा. कंपनी ४ लाख १० हजारांचं डिस्चार्ज व्हाउचर सहीसाठी पाठवेल, त्यावर पूर्ण आणि अंतिम असा मजकूर असेल. पैशांची निकड असेल तर घ्या, बँकेचं व्याज कुणाला चुकलंय. पण सहीसोबत आणि त्याच दिवशी ईमेलने कळवा की ही रक्कम हरकत राखून स्वीकारत आहे. अजमेर सिंग कॉटनच्या १९९९ च्या निकालाप्रमाणे नुसत्या सहीने हक्क संपत नाही, पण दबावाने किंवा फसवणुकीने सही घेतली हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्या दिवशीचा एक ईमेल नंतरच्या दहा शपथपत्रांपेक्षा भारी पडतो.

हरकतपत्राला महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर दोन दारं आहेत. तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा आहे, त्यामुळे विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. ५० लाखांपर्यंतचे वाद, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. सांगलीसाठी पुण्याचं कार्यालय. गणिताचा वाद असेल, साक्षीपुरावा फारसा नसेल, तर मी माझ्या पक्षकारांनाही आधी तिकडेच पाठवतो. तुमची केस मला तशीच वाटते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जायचं, आणि हाच वाद आयोगात चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका.

दुसरं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९ च्या कायद्यात अधिकारक्षेत्र भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे प्रीमियमवर ठरतं, त्यामुळे तुमची केस सांगलीतच, आणि प्रीमियम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मुदत दोन वर्षांची. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती लांबत नाही. तुम्ही व्यापारी आहात म्हणून ग्राहक नाही, असा आक्षेप कंपनी घेईल. त्याला २०२३ च्या हरसोलिया मोटर्सच्या निकालाने उत्तर दिलेलं आहे. विमा नुकसान भरून काढण्यासाठी घेतात, नफा कमावण्यासाठी नाही. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेलाही औपचारिक जाबदार करा, नाहीतर रक्कम कुणाच्या खात्यात यावरून पुढे घोळ होतो.

आणि सर्व्हेअर? त्याला या केसमध्ये साक्षीदार म्हणून आणा. रिपोर्टाला आधार म्हणून कंपनी त्याचं शपथपत्र दाखल करेल. तेव्हा आयोगाच्या परवानगीने लेखी प्रश्नावली द्या. सॅल्व्हेजसाठी कुणाकडून दर घेतले? २० टक्के नफ्याचा आधार कोणता? ३.०४ लाखांचा माल ३२ लाखांत समाविष्ट आहे का? तीनच प्रश्न, उत्तर हो-नाही किंवा एका ओळीत येईल असे. तो जाबदार असता तर वकिलाच्या सल्ल्याने गोल उत्तरं देत बसला असता. साक्षीदाराला उत्तर द्यावं लागतं, आणि त्याच्याकडे उत्तर नसणं हेच तुमचं काम करतं.

त्याला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. त्याचा परवाना आयआरडीएआयच्या हातात आहे, आणि आचारसंहिता मोडल्याबद्दल तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर कंपनीविरुद्धची तक्रार करा आणि सर्व्हेअरच्या वर्तनाबद्दल हैदराबादच्या मुख्यालयाला स्वतंत्र पत्र पाठवा, परवाना क्रमांकासह. तो रिपोर्टाच्या शेवटी सहीखाली असतो. त्यातून तुम्हाला रुपया मिळणार नाही, पण पुढच्या गोदामात तो दोन भंगारवाल्यांना फोन करेल. व्यक्तिशः त्याला पक्षकार करण्याची वेळ मी गेल्या दहा वर्षांत दोनदाच आणली. दोन्ही वेळा विमेदाराची खोटी सही रिपोर्टाला जोडलेली होती. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही.

सात महिने झालेत, त्यामुळे हरकतपत्र या आठवड्यातच जायला हवं. तीन वर्षांचे ताळेबंद, मे महिन्याचं बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आणि काटापावत्या एकत्र काढा, ग्रॉस प्रॉफिटचा खरा दर मला कळवा, मग तक्ता कसा मांडायचा ते सांगतो. आणि गोदामाच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर दिवाळीला राहिलेला रंग आत्ता काढू नका. मोजपट्टी भिंतीला लावून फोटो घ्या, मूळ फोटो त्याच फोनमध्ये राहू द्या.